वडिलांच्या वाटेवर

शर्यत म्हटली, की वेगाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पिस्तुलाचा बार होतो, धावपटू बाणासारखे सुटतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल लागतो. परंतु जगात अशाही काही शर्यती आहेत, की ज्यांचा निकाल लागण्यास एक संपूर्ण दिवस आणि एक संपूर्ण रात्र जावी लागते. तेथे नुसता वेग कामास येत नाही. पाय दुखतात, डोळे मिटू लागतात, क्षणभर तरी टेकावे असे मनाला वाटू लागते आणि तरीही जो थांबत नाही, तोच अखेर विजयी होतो. अशा शर्यतींत जगभर नाव मिळवणाऱ्या रिबेका रश या अमेरिकन स्त्रीची ही हकीकत आहे.

रिबेकाचा खेळ म्हणजे डोंगरातून सायकल चालवणे. या खेळाचा इतिहास फार जुना नाही. १९७० नंतरच्या काळात कॅलिफोर्निया राज्यातील मरीन नावाच्या परगण्यात काही हौशी तरुण जाडजूड टायरांच्या जुन्या, वजनदार सायकली डोंगरमाथ्यावर नेत आणि मातीच्या वाटेने त्या भरधाव खाली सोडत. १९७६ साली तेथे अशा उताराची एक शर्यत सुरू झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेला असे व पायडल उलटे दाबले म्हणजे तो लागे. साऱ्या उतारभर ब्रेक लावून तो इतका तापत असे, की आतील वंगणाचा धूर होऊन जाई आणि खाली पोचल्यावर नवे वंगण भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, असेच नाव पडले. पुढे या खेळासाठी मजबूत सांगाड्याची, रुंद टायरांची व अनेक गिअरांची खास सायकल तयार होऊ लागली. दगडधोंडे, ओढे, झाडांची मुळे आणि उभे चढ यांतून वाट काढणारी ही डोंगरी सायकल आज सर्व जगात परिचित आहे.

रिबेकाचा जन्म २५ ऑगस्ट १९६८ रोजी झाला. तिचे वडील स्टीफन रश हे अमेरिकेच्या हवाई दलात अधिकारी होते. त्या वेळी आग्नेय आशियातील व्हिएटनाम देशात भीषण युद्ध चालू होते आणि अमेरिका त्या युद्धात उतरली होती. स्टीफन यांनाही तिकडे जावे लागले. ७ मार्च १९७२ रोजी शेजारच्या लाओस देशावर कामगिरीसाठी गेलेले त्यांचे फॅन्टम जातीचे लढाऊ विमान जमिनीवरून झालेल्या माऱ्यात सापडून जंगलात कोसळले. विमानात दोघेच होते. वैमानिक कार्टर हॉवेल आणि त्यांच्या मागच्या आसनावर बसलेले स्टीफन रश. दोघांचाही पत्ता लागला नाही. स्टीफन त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते आणि रिबेका तीन वर्षांची.

युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाच्या घरची अवस्था फार विलक्षण असते. तो गेला असे म्हणावे, तर देह सापडलेला नसतो. तो आहे असे म्हणावे, तर त्याचे पत्र येत नाही. रश कुटुंबाने अशा अवस्थेत एकदोन नव्हे, तर पस्तीस वर्षे काढली. रिबेकाला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. घरात त्यांची छायाचित्रे होती आणि त्यांनी लिहिलेली पत्रे होती. पत्राच्या शेवटी ते दोनच शब्द लिहीत असत. त्या शब्दांचा अर्थ होता, ‘चांगले वागा’.

शिकागो शहराजवळील एका गावी आईने रिबेकाला व तिच्या बहिणीला वाढवले. शाळेत असताना रिबेका लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघात दाखल झाली. मोठेपणी तिला कडे चढण्याचा छंद लागला आणि त्यातूनच ती साहसाच्या शर्यतींकडे वळली. या शर्यती कित्येक दिवस अखंड चालतात. कधी पायी, कधी होडीतून, कधी दोराच्या साहाय्याने, तर कधी सायकलवरून शेकडो किलोमीटरांचा मुलूख पार करावयाचा असतो. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधारे वाट शोधावी लागते. संघातील सर्वांनी एकत्रच शेवट गाठला पाहिजे, असा या शर्यतींचा नियम असतो. त्यामुळे जो सर्वांत थकला असेल, त्याचे ओझे इतरांनी वाटून घ्यावे लागते. २००३ साली ‘रेड गुलवाझ’ ही या प्रकारची नामांकित शर्यत जिंकणाऱ्या संघात रिबेका होती.

या सर्व प्रकारांत एकच प्रकार रिबेकाला मनापासून नकोसा वाटे आणि तो म्हणजे सायकल! खडकाळ उतारावर तिचा तोल जाई. सायकलीचा टप्पा आला, की तिच्या छातीत धडधड सुरू होई.

पुढे काही वर्षांनी साहसाच्या शर्यतींना लागणारा पैसा आटला. संघाला मदत करणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि संघ मोडला. रिबेकाचे वय तेव्हा अडतीसच्या घरात होते. या वयात बहुतेक खेळाडू मैदानाचा निरोप घेतात. तिला साहाय्य करणाऱ्या एका पुरस्कर्त्याचा करार मात्र आणखी वर्षभर शिल्लक होता. त्या एका वर्षात करावे तरी काय, असा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. तिने आपल्या गुणदोषांचा शांतपणे हिशेब मांडला. तिच्या अंगी मोठा वेग नव्हता. सायकल चालवण्याचे कौशल्यही बेताचेच होते. परंतु रात्रंदिवस न थांबता चालत राहण्याची सवय मात्र तिला वर्षानुवर्षांच्या सरावाने जडलेली होती. या सवयीची खरी कसोटी पाहणारी एक सायकल शर्यत होती. ती म्हणजे चोवीस तासांची शर्यत.

चोवीस तासांच्या शर्यतीत डोंगरातील एक ठरावीक वळसा आखून दिलेला असतो. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारावयाच्या असतात. मुदत संपेपर्यंत ज्याच्या फेऱ्या सर्वांत अधिक, तो विजयी. आरंभी या शर्यतीत चौघांचे संघ भाग घेत. एकजण सायकल चालवी व तिघे विसावा घेत. १९९६ साली जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या अमेरिकन खेळाडूने एक गंमत केली. त्याने आपलेच नाव चार निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून चौघांचा संघ नोंदवला आणि प्रत्यक्षात साऱ्या फेऱ्या एकट्याने पुऱ्या केल्या! एकट्याने ही शर्यत पुरी करणे शक्य आहे, हे त्यामुळे लोकांना पटले व एकट्या स्पर्धकांसाठी स्वतंत्र स्पर्धा रूढ झाल्या.

या शर्यतीत दिवस कसाबसा निघून जातो. पण खरी परीक्षा रात्री असते. सायकलीच्या हँडलवर आणि डोक्यावरील शिरस्त्राणावर दिवा बांधलेला असतो. त्या दिव्याच्या झोतात दिसेल तेवढेच जग. दुपारी सहज ओलांडलेला दगड रात्री निराळाच भासतो. घाम थंड पडून अंगात हुडहुडी भरते. चालता चालताच घोटभर पाणी प्यावयाचे आणि घासभर खावयाचे. कारण पोट रिकामे झाले, की पायांतील बळ एकाएकी नाहीसे होते. पहाटेच्या सुमारास तर डोळे उघडे असूनही मनुष्य झोपेत असल्यासारखा होतो. अशा वेळी उरलेल्या तासांचा विचार करणारा खचून जातो. अनुभवी खेळाडू पुढच्या वळणापुरताच विचार करतो; ते वळण आले, म्हणजे त्यापुढच्या वळणाचा.

रिबेकाला ही विद्या अवगत होती. सायकलीवरील तिचा हात सरावाने बसत गेला आणि जिची भीती वाटत असे, तीच सायकल तिची सोबतीण झाली. २००७, २००८ आणि २००९ अशी लागोपाठ तीन वर्षे तिने एकट्याने करावयाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत स्त्रियांचे जागतिक विजेतेपद मिळवले.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाचे एक खाणींचे गाव आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हवा इतकी विरळ असते, की समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश प्राणवायूच प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जातो. १९८२ साली तेथील मोठी खाण बंद पडली आणि हजारो कामगार बेकार झाले. गाव ओस पडू नये म्हणून केन क्लॉबर या खाणकामगाराच्या पुढाकाराने १९८३ साली तेथे शंभर मैलांची धावण्याची शर्यत सुरू झाली. १९९४ पासून तेवढ्याच अंतराची सायकलींचीही शर्यत भरू लागली. शंभर मैल म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. वाटेत ३,८०० मीटर उंचीपर्यंत चढून जावे लागते. बारा तासांच्या आत परत येणाऱ्यास कमरेच्या पट्ट्याचे चांदीच्या रंगाचे बक्कल मिळते. एका गावाच्या संकटातून जन्मलेली ही शर्यत रिबेकाने २००९ पासून २०१२ पर्यंत लागोपाठ चार वेळा जिंकली. पहिल्या विजयाच्या वेळी ती चाळीस वर्षांची होती. चौथ्या वेळी, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने हे अंतर साडेसात तासांच्या आत कापले.

आता तिच्यापाशी कीर्ती होती, विजयचिन्हे होती. आयडाहो राज्यातील केचम या गावी ती राहत असे आणि शर्यतींतून वेळ काढून गावच्या अग्निशामक दलात स्वयंसेविकेचे कामही करीत असे. तरीही बालपणापासूनचा एक प्रश्न तिच्या मनात तसाच राहिला होता. वडील कोठे पडले? शेवटी त्यांचे काय झाले?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर २००७ साली मिळाले होते. लाओसच्या जंगलात विमान कोसळल्याच्या जागी अमेरिकन शोधपथकाने उत्खनन केले होते. तेथे सापडलेल्या थोड्याशा अवशेषांवरून हॉवेल आणि रश यांची ओळख पटली व आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना सन्मानाने निरोप देण्यात आला. परंतु एवढ्याने रिबेकाचे समाधान झाले नाही. ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, असे तिला वाटू लागले. विमानाने किंवा मोटारीने तिच्या जवळपास जाता आले असते; पण तिने ठरवले, की ज्या वाटेसाठी ते युद्ध झाले, त्याच वाटेने सायकलवरून जावयाचे.

ती वाट म्हणजे ‘हो ची मिन्ह मार्ग’. हा एकच रस्ता नव्हता. उत्तर व्हिएटनाममधून निघून लाओस व कंबोडिया या देशांच्या जंगलांतून दक्षिण व्हिएटनामकडे जाणाऱ्या अनेक पायवाटांचे व रस्त्यांचे ते जाळे होते. १९५९ साली त्याची उभारणी सुरू झाली. उत्तरेकडील सैन्याला लागणारे धान्य, औषधे आणि शस्त्रे याच वाटांनी जात. विशेष गोष्ट ही, की मोठमोठे ट्रक येण्यापूर्वी हे सामान वाहण्याच्या कामी सायकलीच उपयोगी पडल्या. हँडलला व बैठकीच्या दांड्याला बांबू बांधून माणसे सायकल हाताने ढकलत नेत आणि एकेका सायकलीवर दोनशे किलो व त्याहूनही अधिक ओझे लादत. ही वाट तोडण्यासाठी अमेरिकेच्या विमानांनी तिच्यावर वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले. स्टीफन रश यांचे विमान अशाच कामगिरीवर असताना पडले होते.

२०१५ साली रिबेका या प्रवासास निघाली. तिच्या सोबतीला व्हिएटनाममधील सायकलपटू हुएन न्गुएन ही होती. दोघींचे देश एके काळी परस्परांचे शत्रू होते. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. पहिल्या दिवसांत दोघींच्या चालीही जुळेनात. रिबेकाला पुढे धावण्याची सवय. हुएनला वाटेतील माणसांशी चार शब्द बोलण्याची हौस. परंतु चिखल, काटेरी झुडपे, नद्या आणि असह्य उकाडा यांतून एकत्र वाट काढता काढता दोघींत जिव्हाळा निर्माण झाला. लाओसमध्ये झे बांग फाई ही नदी डोंगराच्या पोटातून, प्रचंड गुहेतून वाहते. तेथे सायकली हवेच्या हलक्या होड्यांत घालून त्यांनी अंधारातून नदी पार केली. पुढे कोठे उतरावे, वाट कोणाला विचारावी, हे रिबेका हुएनकडून शिकली. नेहमी सर्वांच्या पुढे राहू पाहणारी ही खेळाडू येथे सोबत्यासाठी थांबण्यास शिकली.

प्रवासात जागोजागी जमिनीत मोठमोठे गोल खड्डे दिसत. ते बॉम्बचे खड्डे होते. कित्येकांत पाणी साचून तळी झाली होती. बॉम्बच्या पोकळ कवचांचा उपयोग लोकांनी घरांच्या खांबांसाठी केलेला होता. रिबेका आपल्या वडिलांना शोधत चालली होती. परंतु वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक गावात कोणाचा ना कोणाचा बाप, भाऊ किंवा मुलगा त्याच युद्धात गेलेला होता.

अखेर ती लाओसच्या सालावान प्रांतातील ता ओय या भागात पोचली. तेथील एका ग्रामस्थाला त्या विमानाची हकीकत ठाऊक होती. विमान पडले तेव्हा त्याच्या वडिलांनी त्या दोन वैमानिकांचे देह पाहिले होते आणि एका झाडाखाली त्यांना मूठमाती दिली होती. ज्यांच्या गावांवर आकाशातून आग बरसत होती, त्यांनी आग बरसवणाऱ्यांच्या देहांची विटंबना केली नाही. मेलेल्या माणसाशी वैर नसते, एवढेच ते जाणत होते. तो ग्रामस्थ रिबेकाला त्या झाडापाशी घेऊन गेला. त्रेचाळीस वर्षांनंतर मुलगी वडिलांच्या पहिल्या विसाव्याच्या जागी उभी राहिली. जगातील मोठमोठ्या शर्यती रडू न येऊ देता पार केलेल्या त्या स्त्रीच्या डोळ्यांना तेथे धारा लागल्या.

दोघी पुढे निघाल्या आणि सुमारे १,९०० किलोमीटरांचा तो प्रवास त्यांनी पुरा केला. परंतु रिबेकाचे काम तेथे संपले नाही. ते तेथून सुरू झाले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले होते. त्यांत चेंडूएवढे लहान बॉम्ब पोटात घेतलेले मोठे बॉम्बही होते. अशा सुमारे सत्तावीस कोटी लहान बॉम्बांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्या वेळी फुटलाच नाही. तो शेतांत व रानांत गाडला गेला. नांगराचा फाळ लागला, शेकोटीची ऊब लागली किंवा मुलांनी खेळणे समजून उचलला, तर असा बॉम्ब कित्येक वर्षांनीही फुटतो. युद्ध संपल्यानंतरच्या काळात लाओसमध्ये वीस हजारांहून अधिक माणसे अशा स्फोटांनी मृत्युमुखी पडली किंवा जायबंदी झाली. त्यांत मुलांची संख्या मोठी आहे.

ज्या गावकऱ्याने आपल्या वडिलांना मूठमाती दिली, त्याच्याच नातवंडांच्या पायांखाली हे मरण पुरलेले आहे, ही गोष्ट रिबेकाला स्वस्थ बसू देईना. ते बॉम्ब शोधून निकामी करणे हे फार जिकिरीचे काम आहे. यंत्राने हातभर जमीन तपासायची, खूण करायची, हलक्या हाताने माती उकरायची आणि मग पुढची हातभर जमीन. घाई केली, की घात झाला. चोवीस तासांच्या शर्यतीप्रमाणेच येथेही काम होते ते धीर धरून न थांबणाऱ्याकडून. रिबेकाने या कार्यासाठी निधी जमवण्यास आरंभ केला. इतर सायकलस्वारांना लाओसमध्ये नेऊन तेथील परिस्थिती दाखवली आणि एक संस्थाही स्थापन केली. त्या संस्थेला तिने वडिलांच्या पत्रांतील शेवटचेच दोन शब्द नाव म्हणून दिले. तिच्या प्रवासावर ‘ब्लड रोड’ नावाचा अनुबोधपट निघाला व २०१७ साली तो प्रदर्शित झाला. त्यामुळे ही हकीकत देशोदेशी पोचली.

रिबेकाने सायकल सोडली नाही. वयाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१९ साली, अलास्कातील बर्फावरून ती सुमारे ५६० किलोमीटरांची शर्यत खेळली आणि स्त्रियांत पहिली आली. परंतु आपल्या कमावलेल्या चिकाटीचा खरा उपयोग तिला लाओसच्या त्या झाडाखाली उमगला. पहिल्याने शेवट गाठणे ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. तथापि मागे राहिलेल्यांची वाट निर्धोक व्हावी म्हणून पुन्हा मागे वळणे, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. तीन वर्षांच्या मुलीला जे दोन शब्द वाचताही येत नव्हते, त्यांचा अर्थ तिला कळण्यास त्रेचाळीस वर्षे आणि सायकलवरचा एवढा लांबचा प्रवास लागला.

स्वाध्याय

१. ‘रिपॅक’ हे नाव त्या शर्यतीला कशामुळे पडले?
२. चोवीस तासांच्या शर्यतीत अनुभवी खेळाडू कोणत्या रीतीने विचार करतो? ही रीत तुमच्या कोणत्या कामात उपयोगी पडेल?
३. रिबेकाने आपल्या गुणदोषांचा हिशेब कसा मांडला?
४. लाओसमधील ग्रामस्थाच्या वडिलांच्या वागण्यातून त्यांचा कोणता गुण दिसतो?
५. बॉम्ब निकामी करण्याचे काम आणि लांब पल्ल्याची शर्यत यांत लेखात कोणते साम्य दाखवले आहे?